वाढत्या अंगाची गिटार

आमच्या घरात सगळं मोठ्या मापाचं असायचं. शाळेचा झगा शिवला तर तो पार पोटऱ्यांपर्यंत, चप्पल घेतली तर टाचेमागं बोटभर जागा मोकळी, स्वेटरच्या बाह्या पंजावरून खाली लोंबणाऱ्या. आई दुकानात शिरली की भाव विचारायच्या आधी सांगायची, "वाढत्या अंगाचं द्या." शिंपी तर तिला ओळखूनच होता. टेप गळ्यात तशीच ठेवून विचारायचा, "वैनी, माप पोरीचं घेऊ का पोरीच्या सासूचं?" आई हसायची नाही. "खाली चार बोटं दुमड ठेवा," एवढंच म्हणायची. मग दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती दुमड थोडी उसवायची आणि झगा खाली सोडायचा. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग निघायचा, वरचं सगळं विटलेलं आणि खाली एक गडद पट्टा. आमच्या चाळीतल्या कुठल्याही पोरीच्या झग्याकडं बघून ती कुठल्या वर्षी किती वाढली ते सांगता आलं असतं. माझ्या निळ्या झग्याला असे तीन पट्टे होते आणि मला त्यांची लाज वाटायची. आता वाटत नाही. पोरं वाढणार ह्यात आईला शंकाच नव्हती, आणि त्या दुमडीत तिनं ते शिवून ठेवलेलं असायचं, असं आज मला वाटतं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात ओवी. तिला गिटार शिकायची आहे. पण तिचं नंतर सांगते, आधी माधवनगर.

आम्ही मूळचे कोरेगावाकडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत बँडवर होते, क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शनीत आल्यावर गावात मन रमेना म्हणून सांगलीजवळ माधवनगरला एका मिलमध्ये वॉचमन म्हणून लागले, आणि लग्नसराईत सांगलीच्या एका बँडबरोबर वाजवायला जायचे. दोन खोल्यांची जागा होती. मागच्या भिंतीला लागून कुणाचे तरी माग होते, त्यांची खटाखट सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. नवा पाहुणा आला की पहिले दोन दिवस ओरडून बोलायचा आणि मग परत जाताना म्हणायचा, तुमच्याकडं झोप चांगली लागते बघा. आई दाराशी चूल मांडून भाकरी करायची, तिचं थापणं मागाच्या तालावर पडायचं. मी एकदा तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "मग काय करू, त्येच्या उलटं थापलं की भाकरी फाटतीया." आण्णा संध्याकाळी खाटेवर बसून क्लॅरिनेट उघडायचे, एकेक तुकडा पुसायचे आणि वाजवायच्या आधी ती वेताची पातळ पट्टी तोंडात भिजवत ठेवायचे. तेवढा वेळ त्यांना काही विचारायचं नाही, कारण उत्तर यायचं नाही. आईला भांडायचं असलं की ती नेमकी हीच वेळ धरायची.

माझ्या पाठची छबी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, सावळी, मोठ्या डोळ्यांची, आणि जिभेनं अशी तिखट की शेजारची गोदाकाकू म्हणायची, हिला नवरा बहिराच बघायला पाहिजे. एका थंडीत तिचा घसा धरला, ताप आला. घसा बरा झाला आणि पंधरवड्यानं गुडघे सुजले, मग मनगटं. आम्हाला वाटलं पडली असेल कुठं. आईनं हळद-आंबेहळदीचा लेप लावला, गोदाकाकूनं निर्गुडीचा पाला शेकायला दिला. सूज उतरली, पण पोरगी पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही. नळावरून तांब्या आणला तरी धापा टाकायची. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप हृदयावर गेलाय. मग ठरलेल्या दिवशी कमरेत सुई, रोज गोळ्या, आणि मीठ बंद.

मीठ बंद म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. खर्डा, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, ह्यांच्यावर तर आमचं जेवण. आई छबीची आमटी वेगळ्या पातेल्यात करायची, आणि पहिल्या आठवड्यातच तिनं स्वतःचं ताट त्या पातेल्याकडं वळवलं. "मला पन मीठ सोसत न्हाई आताशा," म्हणाली. छबी तिच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आई, खोटं बोललं की मिठाचा दोष लागतो का गं?" आई त्या दिवसानंतर कायमची अळणी जेवली. मी आणि आण्णा बाहेर ओट्यावर बसून खर्डा खायचो, चोरासारखे.

छबीचा कान मात्र भलताच होता. मिलचा भोंगा झाला की ती म्हणायची, "आज खाली लागला, आण्णा." आण्णांनी पहिल्यांदा मनावर घेतलं नाही. मग एकदा क्लॅरिनेट काढून तिला एकेक सूर ऐकवला, तोंड भिंतीकडं करायला लावून, आणि ती प्रत्येक सूर गाऊन दाखवत गेली. आण्णांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिलाय. फौजेत वर्षानुवर्षं घासून त्यांना जे थोडंफार आलं होतं ते ह्या पोरीला बसल्या जागी येत होतं. आणि ह्याच पोरीला क्लॅरिनेट फुंकता येणार नव्हती, कारण दोन सुरांनंतर तिचे ओठ निळे पडायचे. विहारातल्या पेटीवर तिला बसवून बघितलं, तर भाता मारता मारता हात गळाला. सतार मांडी घालून वाजवायची, तर गुडघे मांडी घालू देईनात. तेव्हा आण्णांना आठवली ती गिटार. त्यांच्या बरॅकीत दूरच्या डोंगराळ मुलखातला एक शिपाई होता, त्याच्याकडं होती. खाटेवर पाय सोडून बसायचं आणि नुसती बोटं हलवायची. फुंकणं नाही, भाता नाही.

"पोरीच्या जातीला गिटार?" गोदाकाकू म्हणाली.

"काकू, तुमी घेता का मग? तुमाला तर सारंच वाजवता येतं, सगळ्या चाळीला ठावं हाय," छबी म्हणाली, आणि आईनं तिच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. आजारपणात तिनं तिला कधी मारलं नाही. छबी ह्याचा फायदा घ्यायची, आणि मला वाटतं तिला त्याचं वाईटही वाटायचं. मार खाणारी पोरगी ही वाढणारी पोरगी असते, हे लहान पोरांना बरोबर कळतं.

मिरजेला दवाखान्याची खेप होती, त्याच दिवशी गिटार बघायची असं ठरलं. आईला मागं घरी ठेवलं, ती बसमध्ये उलट्यांनी हैराण व्हायची. मी, आण्णा आणि छबी. दवाखान्यात छबीला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बाहेर बाकावर बसवलं आणि आण्णांना आत ठेवून घेतलं. मी छबीला लिमलेटची गोळी दिली. ती ती गोळी दातावर आपटून वाजवत होती. आण्णा बाहेर आले, तेव्हा टोपी त्यांच्या हातात होती. आण्णा चारचौघांत कधी टोपी काढायचे नाहीत. आमच्याजवळ न येता ते समोरच्या बाकावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या आतल्या बाजूला बघत राहिले. मग उठले. "चला," म्हणाले, "वाजवायचं बघू."

मिरजेतली ती वाद्यांची गल्ली ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते. माडीवर, कठड्यावर, गच्चीवर जिकडं तिकडं भोपळे वाळत घातलेले, माणसाच्या डोक्याएवढे, त्याहून मोठे. खाली दुकानांतून लाखेचा आणि ओल्या लाकडाचा वास. कुणीतरी आत बसून एकच तार पिळतंय आणि सोडतंय, पिळतंय आणि सोडतंय. आण्णांच्या ओळखीचे एक चाचा होते, बँडवाल्यांचे ढोल दुरुस्त करून द्यायचे. सतारी, तंबोरे करणारं घराणं, पण आताशा गिटारीही ठेवायचे, कॉलेजची पोरं मागतात म्हणून. चाचांनी छबीला बघितलं आणि एक छान पिवळीधमक गिटार खाली काढली.

"ही घ्या, फौजी. पोरगी लग्नाची झाली तरी हीच चालंल. वाढत्या अंगाची घ्यायची."

मला बरं वाटलं. आईचाच शब्द होता तो. आण्णांनी छबीला स्टुलावर बसवलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. गिटारीच्या वर तिचे नुसते डोळे आणि वेणीची रिबीन दिसत होती. उजवा हात वरून टाकायचा तर खांदा कानाला लागला, आणि डावा हात दांडीच्या टोकाला पोचेना. तिनं तो ताणला, पोचवलाही, आणि तेवढ्यानं तिच्या मानेची शीर उडायला लागली. आण्णा बोटांकडं बघत नव्हते, त्या शिरेकडं बघत होते.

"आण्णा," गिटारीच्या मागून छबी म्हणाली, "हिच्याआड मी लपले तर आईला दिवसभर सापडायची न्हाई."

चाचा हसले. आण्णा म्हणाले, "ल्हान न्हाई का एखादी?"

चाचांनी आतून एक आणली, धुळीनं भरलेली. मुंबईच्या कुणा साहेबानं आपल्या पोरासाठी करायला सांगितली होती आणि परत फिरकलाच नाही. "आता न्यायला आला तरी काय उपेग," चाचा म्हणाले, "त्येच्या पोराला कवाच ल्हान पडली असंल." तपकिरी, साधी, दाराच्या कडीएवढीही चमक नसलेली. आण्णांनी ती बाहीनं पुसली. बंदुकीची नळी बघावी तसा एक डोळा मिटून दांडी वाकली आहे का ते बघितलं. पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. मग छबीच्या मांडीवर ठेवली, आणि ती बसली. नुसती बसली नाही, मांजर बसावं तशी बसली. छबीचा हात सहज वरून आला, डावा हात कोपरात वाकलेलाच राहून दांडीच्या टोकाला पोचला. आण्णांनी तिला तार दाबायला लावली. तारा पोलादी होत्या आणि दांडीपासून उंच होत्या, बोटाचं टोक पांढरं पडलं तरी सूर फुटेना. तेव्हा आण्णांनी चाचांना तारा ज्याच्यावर टेकतात ती हाडाची घोडी घासून खाली करायला लावली आणि नायलॉनच्या तारा चढवून घेतल्या. चाचा घासता घासता पुटपुटत होते, "येवढी म्हेनत करताय, पन दोन वर्सात ल्हान पडंल. मग मला बोल लावू नगासा."

मलाही राहवलं नाही. "आण्णा, वाढत्या अंगाची घ्या की. आई वरडंल."

आण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या खेपेला न्हाई, मंगल."

चाचांचा हात थांबला. त्यांनी आण्णांकडं बघितलं, मग छबीकडं, आणि पुन्हा घासायला लागले. त्यानंतर त्यांनी मापाचं काही काढलं नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात गिटार गुंडाळून दिली, आणि छबीच्या हातावर भोपळ्याच्या बिया ठेवल्या. "पेर," म्हणाले, "सतार उगवंल."

घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या आटपून आमच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. छबीनं फडकं सोडलं. आईनं हात पदराला पुसले, एका बोटानं तार छेडली आणि लहान पोरीसारखी हसली. आईला मी तशी हसताना फार कमी वेळा बघितलंय, म्हणून ते लक्षात आहे. मग तिनं गिटार उचलली, छबीच्या अंगाला लावून बघितली, झगा लावून बघावा तशी. पुन्हा लावली.

"आवं, ही तर हिच्या आताच्याच मापाची हाय."

आण्णा खाटेवर बसून बूट काढत होते.

"फसवलं तुमाला त्या चाच्यानं. पडून ऱ्हायलेला माल गळ्यात घातला. उद्याच्या उद्या बदलून आणा. मोठी आणा."

"ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? पुढच्या सालाला ल्हान पडंल की."

आण्णांनी एक बूट काढला आणि तो हातातच धरून बसले. मागाची खटाखट चालू होती. आईनं त्यांच्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं. ह्या माणसानं आयुष्यात कधी पोरींना मापाची वस्तू आणली नव्हती. गावच्या जत्रेतल्या बांगड्यासुद्धा ते दोन बोटं सैल घ्यायचे.

"डाक्टर काय म्हणला?" आईनं विचारलं.

आण्णा म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा म्हणला."

"मी इचारलं, डाक्टर काय म्हणला."

आण्णांनी मला डोळ्यांनी खूण केली, मी छबीला घेऊन बाहेर गेले. तिनं बिया पेरायला नळाजवळची जागा धरली.   मुंबईला ऑपरेशन होतं पण ह्या पोरीच्या अंगात ते सोसायची ताकद नाही, हे आण्णांनी तेव्हा आईला सांगितलं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण त्या संध्याकाळी छबी मातीत बोट खुपसून बी टाकत होती आणि मी तिच्या मानेकडं बघत होते, तेव्हा मला आतून कळलं होतंच. गिटारीनं सांगितलं होतं ते.

आई दोन दिवस आण्णांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेल्यावर तिनं गिटार फडक्यात गुंडाळली, मला म्हणाली, "चल." बसमध्ये तिनं तोंडाला पदर लावला होता, वाटेत एकदा उतरून उलटी केली. मिरजेत पोचल्यावर तिनं चाचांच्या पुढ्यात ती छोटी गिटार ठेवली. "पोरीला मोठी पायजे," म्हणाली. "वाढत्या अंगाची."

चाचा म्हणाले, "भाभी, फौजीनं मापून नेलीया."

"त्येस्नी काय कळतंय. पोर मी वाढवतीया."

चाचांनी मान हलवली आणि ती पिवळीधमक काढून दिली. येताना आईनं ती मांडीवर घेतली होती, बसमध्ये उभी असलेली माणसं विचारत होती, बाई, हे काय, आणि आई सांगत होती, "माझ्या पोरीची हाय. मोठी झाली की वाजवंल." मी खिडकीबाहेर बघत होते. त्याच आठवड्यात तिनं छबीला एक नवा झगाही शिवायला टाकला, लाल फुलांचा, आणि शिंप्याला चार नाही, सहा बोटं दुमड ठेवायला सांगितली. शिंपी ह्या वेळी चेष्टा करायला गेला आणि तिचं तोंड बघून वहीत माप लिहायला लागला.

मिरजेहून आलो त्या संध्याकाळी आईनं मोठी गिटार छबीच्या पुढ्यात ठेवली. आण्णाही आले होते. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. छबीनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. तिखट जिभेची पोरगी, ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं गिटार मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, हात वरून टाकला, डावा हात ताणला. श्वास लागला तशी थांबली. पुन्हा ताणला. मग तिनं गिटार हळूच बाजूला भिंतीला टेकवली, आईला वाईट वाटू नये अशा बेतानं, आणि म्हणाली, "छान हाय, आई. मोठी झाल्यावर वाजवीन."

आण्णा दारातून निघून गेले. आई तशीच बसून राहिली. चुलीवर आमटी उतू गेली, निखाऱ्यावर पडून वास सुटला, तरी ती उठली नाही. मीच फडक्यानं पातेलं उतरवलं. अळणी आमटीचा तो करपलेला वास मला अजून ओळखता येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मिरजेला. चाचांनी आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "भाभी, ही काय साडी हाय का रोज बदलायला?" आई म्हणाली, "पोरीला बसंना." मग खाली बघून म्हणाली, "तिला आत्ता वाजवायचं हाय." चाचांनी ती छोटी आणली. विकायला टांगलेल्या गिटारींत ती नव्हतीच, मागं बाजूला ठेवली होती. आईनं ती घेतली आणि तिला पहिल्यांदाच नीट बघावं तशी बघितली. येताना बसमध्ये तिनं ती छातीशी धरली होती, तान्हं पोर धरतात तशी, एक हात दांडीखाली, एक हात पाठीवर. ह्या वेळी तिला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरचा काळ माझ्या मनात सगळा संध्याकाळचाच आहे. छबी खाटेवर पाय सोडून बसायची आणि आण्णा समोर पाटावर. बोटांना घट्टे पडले ते ती चाळीत दाखवत फिरायची. फौजेत संध्याकाळी झेंडा उतरवताना बँड एक संथ धून वाजवतो, ती आण्णांनी तिला शिकवायला घेतली. तिला आली की आण्णा उठून सावधानमध्ये उभे राहायचे, छाती काढून, तेच वॉचमनचे जुने बूट घालून, आणि छबी खिदळायची. "उतरला का झेंडा?" आई चुलीवरून विचारायची. "उतरला असंल तर जेवाया चला." आईनं पुन्हा कधी मापाचा विषय काढला नाही. फक्त छबीला तेल लावताना ती वितीनं तिची पाठ मोजायची. तिला वाटायचं आमचं लक्ष नाही. नळाजवळ भोपळ्याचा वेल आला, भिंतीवर चढला, फुलं आली आणि गळून गेली. त्याला भोपळा काही धरला नाही.

छबी गेली ती सकाळी, पहिल्या भोंग्याच्या वेळेला. रात्रभर उशीला टेकून बसली होती. भोंगा झाला तेव्हा तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आज वर लागला का खाली, हेच म्हणायचं असणार. बायका जमल्या. विहारातली माणसं आली. पांढरं कापड आणलं होतं, पण आई म्हणाली, आधी तिचा लाल झगा घाला. घातला, तो निम्म्या पोटरीपर्यंतच आला. तेव्हा आईनं कात्री मागितली. कुणाला कळेना कशाला. तिनं छबीच्या पायाशी बसून झग्याची दुमड उसवली. घाई न करता, एकेक टाका, शाळा सुरू व्हायच्या आधी उसवायची तशी. सहाच्या सहा बोटं. झगा खाली सोडला, हातानं सारखा केला. तो छबीच्या घोट्यांपर्यंत आला. खालचा पट्टा लालभडक, एकदम नवा. गोदाकाकू भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आईनं धागे गोळा करून कनवटीला खोचले आणि म्हणाली, "आता न्या."

पुढं चाळीतल्या दोघातिघांनी ती गिटार आपल्या पोरांसाठी मागितली. पडून काय करायची, असंच त्यांचं म्हणणं, त्यात वाईट काही नव्हतं. आईनं कुणाला दिली नाही. "ती तिच्या मापाची हाय," म्हणायची. बाकीचं सगळं मोठ्या मापाचं होतं, म्हणून ते दुसऱ्यांना देता आलं. आण्णांनी लग्नांत वाजवणं सोडलं नाही, पोट होतं, पण ती झेंड्याची धून मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकली नाही. दोघं गेल्यावर गिटार माझ्याकडं साताऱ्याला आली. भुंग्यानं पाठ पोखरलीय, दांडी वाकलीय, तारा नाहीत. माझ्या खोलीत दारामागं टांगलेली असते.

मागच्या महिन्यात ओवीनं ती खाली काढली. माझी ही नात आता छबीएवढी आहे. मी भाजी निवडून आत आले तर ही पलंगावर पाय सोडून बसलेली, गिटार मांडीवर, आणि ती तिला बसली होती. अगदी बरोबर. माझ्या हातातली परात खाली पडली. ओवी घाबरली, "आजी, मी तोडली नाही हं," म्हणाली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली, जरा जोरातच, आणि मुलाला सांगितलं, उद्या पोरीला नवी घेऊन दे.

तर पोवई नाक्याकडच्या एका दुकानात आम्ही गेलो, मी, सून आणि ओवी. दुकानदार तरणाच पोरगा, जीन्समध्ये. भिंतीवर उतरत्या मापानं गिटारी टांगलेल्या, फुल साइज, थ्री-फोर्थ, हाफ. काळानं केवढी सोय करून ठेवलीय बघा. त्यानं विचारायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "मोठी दाखव. वाढत्या अंगाची." सून म्हणाली, "हो ना, आई बरोबर म्हणतायत, परत परत कोण घेणार." त्यानं मोठी काढून ओवीच्या मांडीवर ठेवली. वर नुसते डोळे आणि केसांचा बो. डावा हात ताणलेला. ओवी माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "चालेल आजी. मोठी झाले की येईल."

 मी दुकानदाराचं स्टूल ओढून खाली बसले. सूनबाई पाणी काढायला लागली, म्हटलं काही नाही गं, ऊन लागलं. मग मी त्या मुलाला म्हटलं, "ती हाफ साइजवाली काढ रे. हिच्या आत्ताच्या मापाची." त्यानं काढली. ओवीचा हात सहज वरून आला, कोपर वाकलेलंच राहिलं. मी तिच्या मानेकडं बघितलं. तिथं काही उडत नव्हतं. एक तीळ आहे तिथं, तेवढाच.

"घ्या, पण आजी," तो मुलगा म्हणाला, "आधीच सांगतो. दोन वर्षांत लहान पडेल ही."

"काय म्हणालास?"

"दोन वर्षांत लहान पडेल म्हटलं. मग म्हणाल, सांगितलं नाही."

"पडू दे बाबा," मी म्हटलं. "लहान पडू दे."